डॅन कूपरची उडी आणि आपण

चोराला चोर म्हणायला आपण एरवी कचरत नाही. आठवड्याच्या बाजारात खिसा कापणारा सापडला तर पोलीस येण्याच्या आधीच त्याला चार लोक चोप देऊन मोकळे होतात. पण चोरी पुरेशी मोठी असली, चोर दिसायला सभ्य असला आणि मुख्य म्हणजे तो सापडला नाही, की त्याच चोराची दंतकथा होते. खिसेकापूच्या वाट्याला लाथा आणि दोन लाख डॉलर नेणाऱ्याच्या वाट्याला गाणी, चित्रपट आणि मेळावे! हा न्याय कुठला?

हा प्रश्न मला पडला तो डॅन कूपर नावाच्या माणसाच्या हकीकतीमुळे. आमच्या वर्गात आणि कँटीनमध्ये या हकीकतीवर पुष्कळ चर्चा झाली. बहुतेकांचे मत ‘मानला पाहिजे गड्याला!’ असे पडले. माझे मत तसे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी घडले काय ते पाहू. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी दुपारी अमेरिकेतल्या पोर्टलंड विमानतळावर एका मध्यमवयीन गृहस्थाने सिअ‍ॅटलचे तिकीट रोखीने काढले. नाव सांगितले डॅन कूपर. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचे बोइंग ७२७ जातीचे विमान. गडद सूट, काळा टाय आणि हातात बॅग अशा थाटात तो अगदी मागच्या रांगेत बसला. त्याने मद्य मागवले, सिगारेट पेटवली आणि एका हवाई सुंदरीच्या हातात एक चिठ्ठी दिली.

तिने ती न वाचताच ठेवून दिली! एकट्या प्रवाशाने आपला फोन नंबर दिला असेल, असे तिला वाटले. हे वाचून आमच्या वर्गातल्या मुलांना हसू आले, मुलींना आले नाही. न मागता हातात आलेल्या चिठ्ठीचे काय करायचे असते, हे प्रत्येक मुलीला शिकवावे लागत नाही. मग त्या गृहस्थाने पुढे वाकून सांगितले की ती वाचलेली बरी, माझ्याजवळ बॉम्ब आहे. त्याने बॅग उघडून दाखवली. आत लाल नळकांडी होती, तारा होत्या.

मागणी अशी : दोन लाख डॉलर रोख, चार हवाई छत्र्या, आणि सिअ‍ॅटलला उतरल्यावर विमानात पुन्हा इंधन. त्या वेळच्या दराने दोन लाख डॉलर म्हणजे सुमारे पंधरा लाख रुपये. पैसे आणि छत्र्या गोळा होईपर्यंत विमान आकाशात घिरट्या घालत राहिले. प्रवाशांना किरकोळ बिघाडाचे कारण सांगण्यात आले होते. विमान उतरले, मागण्या पुऱ्या झाल्या, आणि त्याने छत्तीसच्या छत्तीस प्रवाशांना सोडून दिले. त्यांच्याबरोबर दोन हवाई सुंदरीही उतरल्या. वैमानिक, त्याचे दोन सहकारी आणि एक हवाई सुंदरी असे चौघे मात्र आतच राहिले. रात्री पावणेआठच्या सुमारास विमान मेक्सिकोच्या दिशेने पुन्हा उडाले. हुकूम असा होता की उंची दहा हजार फुटांपेक्षा जास्त नको, वेग कमी हवा आणि चाके खालीच राहू द्या.

आता या विमानाची रचना लक्षात घ्यावी लागते. बोइंग ७२७ ची तिन्ही इंजिने मागच्या बाजूला असतात आणि शेपटाखाली एक जिना असतो, तो खाली सोडता येतो. म्हणजे उडी मारणारा माणूस ना पंखावर आपटत, ना इंजिनात सापडत. शिवाय हा जिना आकाशातही उघडता येत असे. कूपरला हे ठाऊक होते. आठ वाजण्याच्या सुमारास वैमानिकांच्या कक्षातला दिवा लागला. मागचा जिना उघडला होता. सव्वाआठच्या आगेमागे विमानाच्या शेपटीला एक हिसका बसला. विमान रीनोला उतरले तेव्हा मागे कोणीही नव्हते. उरले होते दोन छत्र्या, आठ सिगारेटची थोटके आणि एक काळा टाय.

त्या रात्री बाहेर पाऊस होता, काळोख होता, खाली वॉशिंग्टन राज्यातले डोंगर आणि सूचिपर्णी वृक्षांचे जंगल होते. पुढे सैनिकांनी पायी ते जंगल पालथे घातले. माणूस नाही, छत्री नाही, काही नाही. पहिल्या पाच वर्षांत एफ. बी. आय. ने आठशेहून अधिक संशयित तपासले. १९७६ मध्ये खटल्याची मुदत संपू नये म्हणून एका अनाम व्यक्तीविरुद्ध आरोपपत्र ठेवले गेले. गुन्हा आहे, गुन्हेगाराच्या नावाची जागा कोरी! शेवटी २०१६ च्या जुलैमध्ये, पंचेचाळीस वर्षांनी, एफ. बी. आय. ने हा तपास थांबवला.

एवढी झाली हकीकत. आता तर्क.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात : तो जगला की मेला? मेला म्हणणाऱ्यांची बाजू अशी. अंगावर सूट आणि पातळ रेनकोट, पायात साधे बूट. बाहेर गोठवणारा वारा, तोही ताशी सुमारे तीनशे किलोमीटरचा. खाली काय आहे ते दिसत नाही. त्याला दिलेल्या चार छत्र्यांपैकी छातीवर बांधायची एक छत्री चुकून शिकवणीच्या कामाची, शिवून बंद केलेली गेली होती. जाणकाराला हे कळले असते. याने जी उघडणारी होती ती दोऱ्यांसाठी कापली आणि न उघडणारी विमानातून नाहीशी झाली. म्हणजे विमानाची माहिती त्याला पक्की होती, छत्रीची तेवढी नव्हती.

जगला म्हणणाऱ्यांचीही बाजू लंगडी नाही. त्याचे पाहून १९७२ या एकाच वर्षात अनेकांनी हाच उद्योग केला, आणि विमानातून उडी मारलेले बरेचसे जिवंत जमिनीवर पोचले. रिचर्ड मॅकॉय याने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाच लाख डॉलर घेऊन युटा राज्यावर उडी मारली. तो सुखरूप उतरला आणि दोन दिवसांत पकडला गेला. दुसऱ्या एकाने तर त्यापूर्वी कधी छत्री वापरलेली नव्हती, तरी तोही वाचला. तेव्हा ‘अशी उडी म्हणजे मरणच’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण मला वाटते, आपण चुकीच्या ठिकाणी शोधत आहोत. सगळे त्या माणसाचा विचार करतात. मी त्या गोणीचा विचार करते.

दोन लाख डॉलर वीस-वीसच्या नोटांत दिलेले होते. म्हणजे दहा हजार नोटा. एक नोट एक ग्रॅमची, तेव्हा वजन झाले दहा किलो. त्याने पैसे पाठीला लावायच्या पिशवीत मागितले होते. मिळाली ती बँकेची कापडी थैली, तिला ना बंद ना पट्टे. म्हणून त्याने छत्री कापून दोऱ्या काढल्या आणि थैली अंगाशी बांधली. हवाई सुंदरीने त्याला शेवटचे पाहिले तेव्हा तो कमरेभोवती काहीतरी बांधत होता.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. गोणी कशी धरावी, कशी बांधावी, कुठल्या गाठीला ती सुटते, हे त्यांच्याइतके मला माहीत असलेल्या कुठल्याही माणसाला कळत नाही. त्यांना मी हे सगळे सांगितले आणि विचारले, ‘‘आबा, दहा किलोची थैली बारीक दोरीनं कमरेला बांधली आणि उडी मारली, तर राहील का?’’ त्यांनी अमेरिकेबद्दल काही विचारले नाही, विमानाबद्दल विचारले नाही. एवढेच विचारले, ‘‘थैलीला कान हायेत का?’’ मी म्हटले, नाहीत. ते म्हणाले, ‘‘मग न्हाई ऱ्हायची. माणूस हिसका सोसतो, वझं सोसत न्हाई. वझं आपल्या वाटंनं जातं.’’

आबांचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, आणि त्याला आधार मिळाला तो १९७२ च्याच एका घटनेत. वर ज्याचा उल्लेख केला तो कधी छत्री न वापरलेला इसम, त्याने जूनमध्ये एका बोइंग ७२७ मधूनच पाच लाखांवर डॉलर घेऊन इंडियाना राज्यावर उडी मारली. तो वाचला, पण हिसक्यासरशी पैशांची थैली निसटली. ती पुढे एका शेतकऱ्याला शेतात सापडली! माणूस एकीकडे, ओझे दुसरीकडे. अगदी आबा म्हणाले तसे.

कूपरच्या पैशांची कथाही याच दिशेने जाते. १९८० च्या फेब्रुवारीत कोलंबिया नदीच्या काठी, टेना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर आठ वर्षांच्या एका मुलाला वाळू बाजूला सारताना नोटांच्या तीन गड्ड्या सापडल्या. एकूण ५,८०० डॉलर. सगळ्या नोटांचे क्रमांक आधीच नोंदवून ठेवलेले असल्यामुळे त्या कूपरच्याच आहेत हे लगेच ठरले. गड्ड्यांवरचे रबर शाबूत होते. थैली हवेतच फुटली असती तर नोटा रानोमाळ उधळल्या असत्या, तीन गड्ड्या एकत्र राहिल्या नसत्या. उलट, कूपर जिथे पडला असे आधी मानले जात होते तिथले पाणी लुइस नदीतून जाते, आणि ती कोलंबियाला मिळते टेना बारच्या खालच्या अंगाला. नदी काही उलटी वाहत नाही. पुढे २०२० मध्ये नोटांवर चिकटलेल्या सूक्ष्म शेवाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की त्या नोटा नोव्हेंबरात नव्हे, तर वसंत-उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्यात भिजल्या असाव्यात. म्हणजे उडीनंतर निदान काही महिने तरी त्या दुसरीकडे कुठेतरी होत्या.

माझा तर्क असा : थैली त्याच्यापासून वेगळी झाली, बंदच खाली आली, कुठेतरी पडून राहिली, आणि नंतर कधीतरी ओढ्या-नाल्याच्या पाण्याने तिचा काही भाग नदीत आणला. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण एक गोष्ट तर्काची नाही. दहा हजारांपैकी टेना बारच्या २९० नोटा वजा करता उरलेल्या ९,७१० नोटांपैकी एकही आजवर बाजारात चाललेली आढळलेली नाही. तो जगला असो वा मेला असो, ज्यासाठी एवढे केले ते त्याला उपभोगता आल्याचा कणभरही पुरावा नाही. ज्या उडीचे आपण एवढे गोडवे गातो, तिचे फळ वाळूत कुजत होते.

दुसरा मुद्दा नावाचा. मुळात तिकिटावर नाव होते डॅन कूपर. मग जग त्याला ‘डी. बी. कूपर’ का म्हणते? पोलिसांनी चौकशीत त्या नावाच्या एका स्थानिक माणसाकडे विचारणा केली होती. त्याचा काहीएक संबंध नव्हता, त्याला लगेच वगळण्यातही आले. पण वार्ताहरांच्या घाईत ते नाव बातमीत गेले आणि कायमचे चिकटले. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण निबंधात वापरतो. ती अशी प्रत्यक्षात पाहायला मिळते!

आणि हे तिथेच थांबले नाही. तेव्हापासून आजपर्यंत हौशी संशोधक एकामागून एक नवे नाव पुढे आणत आहेत. अमका छत्रीधारी सैनिक होता, तमका त्या विमान कंपनीत नोकरीला होता, कोणाच्या काकाने मरताना कबुली दिली. मॅकॉयचेही नाव घेतले जाते. पण हवाई सुंदरींनी केलेल्या वर्णनाशी तो जुळत नाही म्हणून एफ. बी. आय. ने त्याला वगळले होते. तर्क करणे वाईट नाही. आम्हाला तर्कशास्त्राच्या तासाला जे शिकवतात त्यात एक साधे सूत्र आहे : जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. उंच, सावळा, सिगारेट ओढणारा, विमानांची माहिती असलेला चाळिशीपुढचा माणूस एकट्या अमेरिकेत त्या काळी किती हजार असतील? त्यातल्या एका मेलेल्या माणसाचे नाव उचलून पुस्तक लिहिणे सोपे आहे. तो माणूस उत्तर द्यायला येत नाही. पण त्याची मुले-नातवंडे जिवंत असतात. आमच्यासारख्या माणसांकडे नावाशिवाय दुसरी मालमत्ता नसते, म्हणून कदाचित मला हे जास्त टोचते. वाडवडिलांनी काही ठेवले नसले तरी नाव स्वच्छ ठेवले, एवढ्यावरच आमच्याकडे सोयरिकी जमतात.

तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कँटीनमधल्या चर्चेत एक वाक्य पुनःपुन्हा येत होते : ‘‘त्यानं कुणाला दुखापत तर केली नाही ना! उलट किती अदबीनं वागला.’’ तो अदबीने वागला हे खरे आहे. मद्याचे पैसे त्याने चुकते केले. पण अदब ही बॉम्बवर पांघरलेली शाल होती, हे विसरून कसे चालेल? मागे राहिलेली ती हवाई सुंदरी बावीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. चार तासांहून अधिक काळ ती त्याच्या संगतीत होती. त्याचा हात बॅगेतल्या तारेजवळ असे, म्हणून त्याची सिगारेट ती पेटवून देई. वैमानिकांचे निरोप तिने त्याला दिले, त्याचे निरोप वैमानिकांना दिले. सिअ‍ॅटलला उतरल्यावर पैशांची जड थैली आणि छत्र्या विमानाबाहेर जाऊन तिने स्वतः आणल्या. बाहेर आल्यावर ती पळून जाऊ शकत होती. ती परत आत गेली, कारण आत माणसे होती.

थैली आल्यावर त्याने तिला नोटांची गड्डी देऊ केली. तिने ती परत केली. प्रवाशांकडून बक्षिसी घ्यायची नाही असा कंपनीचा नियम होता, म्हणून! मी हा प्रसंग तीनदा वाचला. शेजारी बॉम्ब, समोर पैशांचा ढीग, आणि ही मुलगी नियम सांगते. या हकीकतीत धैर्य कोणाचे असे मला विचाराल तर मी याच क्षणाकडे बोट दाखवीन. काळोखात उडी मारायला धैर्य लागत असेल, पण ती त्याने स्वतःहून निवडली होती. हिने काहीच निवडलेले नव्हते. ती फक्त आपल्या कामावर होती, आणि शेवटपर्यंत कामावर राहिली. तरी चित्रपट निघाला त्याच्यावर, मेळावे भरले त्याच्या नावाने. हिचे नाव आपल्या कँटीनमध्ये एकालाही सांगता आले नाही.

मग लोक त्याला का डोक्यावर घेतात? त्यांना मी दोष देत नाही. मोठ्या कंपन्या, बँका, सरकार यांच्यापुढे सामान्य माणूस रोज वाकतो. त्यातलाच एखादा ताठ उभा राहून सगळ्यांना वाकवतो, तेव्हा बघणाऱ्याच्या छातीत थोडी हवा भरते. त्यातून तो सापडला नाही, त्यामुळे त्याचा चेहरा रिकामा राहिला, आणि त्या रिकाम्या चेहऱ्यावर प्रत्येकाला आपला चेहरा बसवता आला. पकडला गेला असता तर कोर्टात एक कर्जबाजारी, चिडलेला, थकलेला माणूस उभा राहिला असता आणि लोक आठवड्यात विसरले असते. मॅकॉय विस्मृतीत गेला तो असाच.

आणि आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना तर ‘एकाच उडीचे’ आकर्षण जास्तच. घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिली. माझ्या फीचा प्रत्येक रुपया किती गोण्यांचा आहे, हे मला हिशेबाने सांगता येते. अशा घरात बसून कोणी एका रात्रीत पंधरा लाख रुपये नेल्याचे वाचले, की मनात गणित सुरू होते. लॉटरीची दुकाने याच गणितावर चालतात. आमच्या गल्लीतल्या किती मुलांनी पायऱ्या चढायच्या सोडून उडीची वाट पाहिली आणि ती आज कोपऱ्यावर उभी आहेत, हे मी रोज येता-जाता पाहते. म्हणूनच कूपरची गोष्ट मला नुसती करमणुकीची वाटत नाही. ‘उडी मार, सुटशील’ असे ती कानात सांगते. थैलीचे काय झाले ते मात्र सांगत नाही.

त्या उडीचा खरा परिणाम कोणाच्या वाट्याला आला तेही पाहण्यासारखे आहे. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत शंभराहून अधिक विमानांची पळवापळवी झाली. शेवटी १९७३ च्या जानेवारीपासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. बोइंग ७२७ च्या मागच्या जिन्याजवळ बाहेरून एक लहानशी पट्टी बसवण्यात आली. विमान वेगात असले की वाऱ्याने ती फिरते आणि जिन्याला अडसर होतो, विमान थांबले की स्प्रिंगने जागेवर येते. तिला ‘कूपर व्हेन’ म्हणतात. गंमत अशी की ज्याचा पत्ता कोणालाच लागला नाही त्याचे नाव एका अडसराला मिळाले! एकाने दार उघडले आणि बाकीच्या साऱ्यांच्या मागे झडती लागली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे कोडे कधी सुटेल का? त्या टायवर काही अंश मिळाले आहेत, विज्ञान पुढे जात आहे. कदाचित सुटेलही. सुटले तर मला आनंदच होईल, कारण त्या दिवशी एका दंतकथेच्या जागी एक साधा माणूस उभा राहील आणि ज्या अनेकांवर विनाकारण बोट रोखले गेले त्यांची नावे मोकळी होतील. तोपर्यंत तर्क करायला हरकत नाही. मात्र तर्क करताना थैलीचे वजन विचारात घ्यावे, नाव घेताना जीभ आवरावी, आणि टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्या शिडीवरून बाहेर जाऊन पुन्हा आत परतलेल्या मुलीसाठी वाजवाव्यात.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा